वायरमनचे परमिट : एका कागदाचा इतिहास

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय एक लहानसा कागद आहे. हा कागद घराच्या खरेदीखतासारखा तिजोरीत जपला जात नाही, की मानपत्रासारखा चौकटीत लावून भिंतीवर मिरविला जात नाही. पुष्कळ घरमालकांनी तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसतो. तरीसुद्धा ज्या छपराखाली आपली मुलेबाळे रात्री निर्धास्त झोपतात, त्या घरातील विजेच्या तारांची जोखीम या कागदाने पत्करलेली असते. वीज-कंत्राटदाराचा परवाना आणि त्याच्या वायरमनचे परमिट, हाच तो कागद होय.

बालाघाटसारख्या गावात घर बांधावयास काढलेल्या गृहस्थाची चौकसबुद्धी पाहण्याजोगी असते. वैनगंगेची वाळू तो मुठीत चोळून पाहतो. विटेवर वीट आपटून तिचा नाद ऐकतो. दारांसाठी सागवान घ्यावयाचे तर त्याला चीर गेली आहे काय, हे उन्हात नेऊन निरखतो. गवंड्याने यापूर्वी कोणाकोणाची घरे बांधली, ती पावसाळ्यात गळतात काय, हे चार ठिकाणी विचारल्यावाचून त्याच्या हातावर विसार ठेवीत नाही. परंतु विजेचे काम निघाले म्हणजे हाच चोखंदळ गृहस्थ एकच प्रश्न विचारतो : "पॉइंटमागे काय घेणार?" भाव पटला की शिडी भिंतीला लागते, छिन्नीचे घाव बसू लागतात, आणि चार दिवसांत तारा भिंतीत जाऊन त्यांवर गिलावाही चढतो. शिडीवर चढलेला माणूस कोण, त्याला हे काम करण्याचा अधिकार कोणी दिला, तो अधिकार आजमितीस चालू आहे काय, यांतले काहीच त्याने विचारलेले नसते.

हे न विचारणे दुसऱ्या कोणत्याही कामापेक्षा विजेच्या कामात अधिक महाग पडते. याचे कारण त्या कामाच्या स्वभावात आहे. सुताराने चौकट वाकडी बसविली तर दार त्याच दिवशी कुरकुरते. नळ नीट जोडला गेला नाही तर पाणी तासाभरात ठिबकू लागते. विजेच्या कामाचे तसे नाही. ती खरोखर झाकली मूठ असते. जोड सैल राहिला, तार भाराच्या मानाने बारीक पडली, अर्थिंगची तार जमिनीतील पट्टीपर्यंत न पोहोचता मध्येच सोडून दिली गेली, तरी बटण दाबताच दिवा लागतो आणि पंखा फिरतो. चांगले काम आणि वाईट काम पहिल्या दिवशी अगदी सारखेच दिसतात.

फरक पुढे पडतो. विजेच्या प्रवाहाने तारेत किती उष्णता निर्माण होते, याचा नियम जेम्स प्रेस्कॉट जूल या शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये मांडला. तारेचा विरोध तोच राहून प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुप्पट न होता चौपट होते. सैल जोडाच्या ठिकाणी विरोध वाढलेला असतो, म्हणून सारी उष्णता त्या एका बिंदूशी साठते. दोन दिवे आणि एक पंखा असेपर्यंत ती जाणवत नाही. पुढे घरात पाण्याचा पंप येतो, फ्रीज येतो, वैशाखात कूलर लागतो, आणि वर्षानुवर्षे भिंतीत दडलेली ती चूक एके रात्री तोंड वर काढते. तोवर काम करणारा माणूस कोठे गेला, हे कोणालाच ठाऊक नसते. जे काम डोळ्यांनी पारखता येत नाही, त्यात ते करणाऱ्या माणसाची पूर्वपीठिका पारखणे एवढाच मार्ग घरमालकास उरतो. परवान्याची सारी कल्पना या एका अडचणीतून जन्मास आली आहे.

तिचा इतिहास पाहू लागलो म्हणजे मौज वाटते. विजेच्या तारांवर पहिली करडी नजर कोणत्याही सरकारने ठेवली नाही, ती आगीचा विमा उतरविणाऱ्या कंपन्यांनी ठेवली. ज्याच्या खिशातून पैसा जावयाचा, तोच सावध असतो. लंडनच्या फीनिक्स या विमा कंपनीसाठी मस्ग्रेव्ह हीफी या अभियंत्याने विजेच्या दिव्यांविषयीचे नियम तयार केले, ते १८८२ साली. त्याच वर्षी इंग्लंडमधील तारायंत्र आणि वीज अभियंत्यांच्या संस्थेनेही आगीचा धोका टाळण्यासाठी आपली नियमावली प्रसिद्ध केली. तीच वाढत वाढत पुढे त्या देशातील तारजोडणीचा प्रमाणग्रंथ झाली.

योगायोग असा की, याच १८८२ साली आपल्या मुंबईतही विजेचा प्रयोग झाला. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनी नावाच्या मंडळीशी मुंबईच्या नगरपालिकेने करार केला, आणि क्रॉफर्ड मार्केट व काही रस्ते विजेने उजळविण्याचे काम तिच्या हाती दिले. मुंबईकरांनी तो प्रकाश कौतुकाने पाहिला असेल. पण पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले आणि मार्केटात पुन्हा गॅसचे दिवे आले. दिवा लागला, एवढ्यावरून तो लावणाऱ्याची ऐपत सिद्ध होत नाही, हा धडा महाराष्ट्राच्या राजधानीस विजेच्या अगदी पहिल्या वर्षातच मिळाला होता.

कायदा त्यानंतर आला. १८८७ साली हिंदुस्थानात विजेविषयीचा पहिला कायदा झाला. विजेच्या पुरवठ्यापासून आणि वापरापासून माणसांना व मालमत्तेला इजा पोहोचू नये, एवढाच त्याचा मर्यादित हेतू होता. वीज कोणी विकावी, कोणत्या अटींवर विकावी, हा विचार १९०३ च्या कायद्यात आला, आणि १९०५ साली मुंबईत नवी वीज आणि ट्राम कंपनी उभी राहिली ती सरकारी परवान्याच्या अटी शिरावर घेऊन. १९१० च्या भारतीय वीज कायद्याने ही घडी पक्की बसविली. विद्युत् निरीक्षक नेमण्याचा अधिकार सरकारला मिळाला, अपघात घडल्यास तो कळविणे बंधनकारक झाले, आणि त्याची चौकशी करण्याची सोय झाली. या कायद्याने पुढे त्र्याण्णव वर्षे देशाच्या विजेवर राज्य केले.

आता येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. हे कायदे मुख्यतः वीज पुरविणाऱ्यासाठी होते. कंपनीच्या तारा खांबांवरून येऊन आपल्या घराच्या मीटरपाशी थांबतात, आणि तिची जबाबदारीही सामान्यतः तेथेच थांबते. मीटरच्या अलीकडचे सारे जाळे घरमालकाचे असते. या खासगी हद्दीत कोणी हात घालावा आणि कोणी घालू नये, याचे स्पष्ट उत्तर भारतीय वीज नियम, १९५६ यांतील पंचेचाळिसाव्या नियमाने दिले. हा नियम प्रत्येक घरमालकाने एकदा तरी समजून घ्यावा, अशा योग्यतेचा आहे.

नियमाचा आशय असा. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलावयाचे असेल आणि त्याने मांडणीची शक्ती वा स्वरूप बदलत नसेल, तर ते कोणी बदलावे याविषयी नियमाचे काही म्हणणे नाही. परंतु नवी तारजोडणी, जुन्या जोडणीत भर, फेरफार किंवा दुरुस्ती करावयाची तर तीन गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत. काम घेणारा कंत्राटदार राज्य सरकारचा परवाना मिळविलेला असावा. कामावर प्रत्यक्ष देखरेख करणाराजवळ सक्षमतेचे प्रमाणपत्र असावे. आणि हातात पक्कड घेऊन काम करणाराजवळ राज्य सरकारने दिलेले किंवा मान्य केलेले परमिट असावे. ही तिहेरी अट मोडून झालेल्या कामात वीज सोडू नये आणि ते पुरवठादाराच्या तारांना जोडू नये, असेही नियमाने पुढे बजावले.

श्रोतेहो, या तीन कागदांमागचा विचार पाहा. कंत्राटदाराचा परवाना सांगतो की, काम बिघडले तर जबाब कोणाला विचारावयाचा. पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र सांगते की, कोणती तार किती भार सोसेल याचा हिशेब कोणाला कळतो. वायरमनचे परमिट सांगते की, तो हिशेब प्रत्यक्ष भिंतीत उतरविणारा हात तयार आहे. जबाबदारी, ज्ञान आणि कसब ही तिन्ही एकाच माणसात असतील असे गृहीत न धरता कायद्याने प्रत्येकाचा वेगळा पुरावा मागितला. पुष्कळ लोक यांतला एकच कागद पाहून समाधान मानतात. दुकानाच्या भिंतीवर परवाना टांगलेला दिसला, म्हणजे आपल्या शिडीवर चढलेल्या मुलाजवळ परमिट असेलच, असे त्यांना वाटते. ही दोन सर्वस्वी निराळी माणसे असू शकतात.

१९५६ हे वर्ष बालाघाटच्या इतिहासात आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. हा जिल्हा १८६७ साली मध्यप्रांतात निर्माण झाला, आणि त्या प्रांतात तो नागपूर विभागात मोडत असे. भंडारा, गोंदिया आणि बालाघाट यांचा सोयरसंबंध, बाजारहाट आणि कोर्टकचेरी यांचे तोंड नागपूरकडे होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा तत्कालीन मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. माणसांच्या घरी बोलली जाणारी भाषा त्या दिवशी बदलली नाही, नदीही बदलली नाही. पण सरकारी मोहोर बदलली.

या मोहोरेचा विजेच्या परवान्याशी जवळचा संबंध आहे. गोंदियाहून बालाघाट चाळीसएक किलोमीटरवर. तिकडचा कंत्राटदार इकडचे काम घेतो, इकडचा वायरमन तिकडे मजुरीस जातो. नात्यागोत्यातल्या माणसाने शिफारस केली म्हणजे सीमा कोणाच्या ध्यानातही राहत नाही. परंतु नियमातले शब्द राज्य सरकारच्या परवान्याचे आहेत. ज्या राज्यात काम चालले आहे, त्या राज्याने तो कंत्राटदार मान्य केला आहे काय, हा प्रश्न म्हणून सीमेवरच्या गावात अधिक अगत्याने विचारावा लागतो. यात शेजाऱ्यावर अविश्वास नाही. उद्या काही विपरीत घडले, तर ज्या अधिकाऱ्यापुढे आपण तक्रार नेणार, त्याच्या दप्तरात त्या कंत्राटदाराचे नाव असले पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ आहे. नाव दप्तरात नसेल, तर ज्याला जाब विचारावयाचा तो माणूस त्या अधिकाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

बालाघाट जिल्ह्याकडे पाहिले म्हणजे याच विषयातील एक विलक्षण विसंगती दिसते. शहराजवळ भरवेली येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या आणि नागपुरात मुख्य कचेरी असलेल्या मॉइल कंपनीची ती नावाजलेली खाण होय. खाणीतील विजेसाठी १९५६ च्या नियमांत एक स्वतंत्र प्रकरणच होते. जमिनीच्या पोटात केबलला हात लावणारा माणूस अधिकृत असला पाहिजे, विजेचा पर्यवेक्षक रीतसर नेमलेला असला पाहिजे, यंत्रांची पाहणी होऊन तिची नोंद वहीत झाली पाहिजे, असा त्या प्रकरणाचा कटाक्ष होता. खाणीत पाणी असते, ओल असते, अंधार असतो आणि पळावयास वाट नसते, म्हणून ही दक्षता. पण, श्रोतेहो, आषाढात ओल आलेली न्हाणीघराची भिंत, तिच्यावरचे गीझरचे बटण आणि आतून लावलेली कडी, ही काय वेगळी परिस्थिती आहे? खाणीतल्या कामगारासाठी जी नोंदवही आवश्यक ठरली, तिचा एक कागदही त्याच कामगाराच्या घरातल्या बायकामुलांसाठी कोणी मागत नाही. मलाजखंडची तांब्याची खाण याच जिल्ह्यातली. ज्या धातूच्या तारा देशभर भिंतीभिंतींतून वीज वाहतात, तो येथल्या भूमीतून निघतो. तांब्याच्या शुद्धतेची परीक्षा प्रयोगशाळेत कसोशीने होते. ते तांबे जोडणाऱ्या हाताची परीक्षा झाली आहे की नाही, हे विचारण्यास मात्र आपण संकोचतो.

आता या व्यवस्थेच्या दुखण्याविषयी बोलले पाहिजे. नवी वीजजोडणी मागताना कंत्राटदाराच्या सहीचा चाचणी-अहवाल द्यावा लागतो. तारांचे आवरण शाबूत आहे, अर्थिंग नीट आहे, काम नियमाप्रमाणे झाले आहे, असे त्यात परवानाधारक आपल्या सहीने सांगतो. आवरणाचा रोध मोजण्यासाठी मेगर नावाचे यंत्र असते. एव्हरशेड या इंग्रज अभियंत्याच्या खटपटीतून ते निघाले, आणि १९०३ पासून त्याचे नाव रूढ आहे. ते तारांना लावून मूठ फिरवावी, काट्याने दाखविलेला आकडा वाचावा आणि अहवालात लिहावा, अशी रीत. परंतु कित्येक ठिकाणी काम करतो एक, आणि सही करतो दुसराच. सही करणाऱ्याने ते घर पाहिलेलेही नसते. त्याने मोबदला घेतलेला असतो तो सहीचा, पाहणीचा नव्हे. मग आकडा वाचण्याऐवजी कल्पनेने भरला जातो. कायद्याने जबाबदारी, ज्ञान आणि कसब यांची जी तीन पदरी दोरी वळली, तिचे पदर येथे उसवतात, आणि घरमालकाच्या हाती परवान्याच्या क्रमांकाचा निव्वळ शिक्का उरतो.

म्हणूनच नुसता परवाना पाहणे पुरेसे नाही. परवान्याचा इतिहास पाहिला पाहिजे, असे मी म्हणतो. तो केव्हा मिळाला, कोणत्या वर्गाचा आहे, किती दाबापर्यंतच्या कामास लागू आहे, नूतनीकरण वेळच्या वेळी झाले काय, मध्येच तो निलंबित झाला होता काय, हे सारे त्या इतिहासात येते. असा इतिहास न वाचल्याने केवढा अनर्थ होतो, याचे देशाने पाहिलेले उदाहरण दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचे आहे. १३ जून १९९७ रोजी संध्याकाळी खेळ चालू असताना तळमजल्यावरील ट्रान्सफॉर्मरला आग लागली, धूर बाल्कनीत शिरला, आणि ५९ माणसे मृत्युमुखी पडली. न्यायालयात जो पुरावा पुढे आला त्यात दोन गोष्टी होत्या. त्याच दिवशी सकाळी त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड होऊन वीज मंडळाच्या माणसांनी दुरुस्ती केली होती. केबलचे टोक बसविण्यासाठी जे दाबयंत्र वापरावयास हवे, ते न वापरता हातोडीने काम भागविले गेले. दुसरी गोष्ट कागदाची. त्या चित्रपटगृहाचा परवाना १९८३ साली सुरक्षिततेच्या उणिवांमुळे निलंबित झाला होता. न्यायालयाची स्थगिती मिळाली, आणि त्यानंतर १९९७ पर्यंत गृह तात्पुरत्या परमिटांवर चालत राहिले. प्रत्येक परमिटाकडे सुटे सुटे पाहिले तर कागद बिनचूक होता. चौदा वर्षांचे कागद एकापुढे एक मांडले असते, तर ते ओरडून काही सांगत होते. पण ते मांडावयाचे कोणी?

इतक्या दूरचे उदाहरण नको असेल, तर वैनगंगेच्या काठाकाठाने भंडाऱ्यापर्यंत यावे. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री तेथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून दहा बालके दगावली. पाळण्यातल्या जिवाला कोणता परवाना आणि कोणती तपासणी! त्याच्या वतीने ते सारे विचारावयाचे असते ते मोठ्या माणसांनी. देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात, असे सरकारी आकडेवारीच सांगते. त्यातले सारेच अपघात घरातले नसतात. शेतात तुटून पडलेली तार असते, खांबावरची दुरुस्ती असते. तथापि घराच्या चार भिंतींच्या आत घडणारे जे अपघात असतात, त्यांना आवर घालणे तरी पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे.

येथे कोणी म्हणेल, हे पाहण्यासाठी सरकार आहे. आहे खरे, आणि कायदाही जुनाट राहिलेला नाही. १९१० चा कायदा जाऊन २००३ चा विद्युत् अधिनियम आला. १९५६ च्या नियमांची जागा केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा विनियमांनी घेतली आणि २०२३ साली तेही नव्याने घडविले गेले. कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि वायरमन यांच्याविषयीची मूळ कल्पना या सर्व बदलांतून टिकून राहिली. परंतु एक गोष्ट या प्रवासात हळूहळू पालटली. जुन्या नियमांत निरीक्षकाने किंवा पुरवठादाराने दर पाच वर्षांच्या आत प्रत्येक मांडणी तपासावी, अशी अपेक्षा होती. कोट्यवधी घरे झाल्यावर इतके निरीक्षक आणावयाचे कोठून? म्हणून ठराविक दाबापर्यंतच्या मांडणीची तपासणी करून घेणे आणि ती सुरक्षित असल्याचे स्वतः प्रमाणित करणे, हा भार नव्या व्यवस्थेने मालकाकडे वळविला आहे. दिवसेंदिवस कायदाच आपल्याला सांगत आहे की, बाबा रे, तुझ्या घराचा पहिला निरीक्षक तूच आहेस.

मग या निरीक्षकाने करावे काय? त्याला विजेचे शास्त्र येण्याची गरज नाही. भाव ठरविण्यापूर्वी कंत्राटदाराजवळ मूळ परवाना मागावा. त्यावरचे नाव, वर्ग आणि मुदतीची तारीख स्वतः वाचून आपल्या वहीत उतरून घ्यावी. मध्यप्रदेशात असे परवाने देणारे विद्युत् अनुज्ञापन मंडळ आहे, महाराष्ट्रातही तसेच मंडळ आहे. त्या मंडळाकडे किंवा विद्युत् निरीक्षकाच्या कचेरीत तो क्रमांक दाखवून, परवाना चालू आहे काय आणि त्यावर काही कारवाई झाली होती काय, असे विचारावे. वीज वितरण कंपनीच्या स्थानिक कचेरीतही चौकशी करावी, कारण चाचणी-अहवाल त्यांच्याकडेच येतात. देखरेख कोण करणार, त्याचे नाव करारात लिहून घ्यावे. ज्या दिवशी शिडी लागेल त्या दिवशी शिडीवरच्या माणसाचे परमिट पाहावे. पाच वर्षांपूर्वी त्याने केलेल्या दोन-तीन कामांचे पत्ते मागून त्या घरी जाऊन यावे. कालपरवाच झालेले काम पाहण्यात अर्थ नाही. विजेच्या कामाची परीक्षा काळ घेतो, म्हणून पाच उन्हाळे सोसलेले घर पाहावे. आणि शेवटी, मेगरची चाचणी व अर्थिंगची चाचणी आपल्या डोळ्यांदेखत व्हावी, आकडा आपल्या समक्ष लिहिला जावा, आणि अहवालाची एक प्रत घराच्या कागदपत्रांत राहावी, असा आग्रह धरावा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. पुष्कळ जुने मिस्त्री विनापरवाना काम करतात, त्यांच्या हाताला यश आहे, वीस-वीस वर्षे त्यांच्या कामास कोणी बोट लाविलेले नाही. उलट नुकतेच परमिट मिळविलेल्या तरुणाला साधी गाठही नीट मारता येत नाही. मग कागदाची मातब्बरी कशाला? या म्हणण्यात तथ्य आहे. कागद कसबाची हमी देत नाही, तो फक्त कोणी एकदा परीक्षा घेतल्याची साक्ष देतो. परंतु त्या जुन्या मिस्त्रीचा खरा कैवार घ्यावयाचा असेल, तर त्याला विनापरवाना राबविण्यात तो नाही. त्याचे काम दुसऱ्याच्या सहीखाली जाते, मोबदल्याचा वाटा सही करणारा खातो, आणि अपघात झाला तर दोष मात्र मिस्त्रीच्या कपाळी येतो. परीक्षेस बसून स्वतःच्या नावाचे परमिट मिळविण्यास त्याला जर कोणी प्रवृत्त करू शकत असेल, तर तो त्याचा गिऱ्हाईकच होय. चार घरमालकांनी परमिट मागितले की पाचव्या कामाला येण्यापूर्वी तो ते मिळवील. कोणीच मागितले नाही तर त्याने तरी खटाटोप का करावा?

राहिला खर्चाचा प्रश्न. परवानाधारक कंत्राटदार पॉइंटमागे दोन पैसे अधिक घेतो, हे खरे आहे. पण तो जो अधिक पैसा घेतो, त्यात त्याच्या नावावर राहिलेल्या जबाबदारीचे मोल असते. १८८२ साली लंडनच्या विमा कंपन्यांनी नियम केले, ते दयाबुद्धीने नव्हे. आग लागल्यावर भरावयाच्या रकमेपेक्षा आधी पाहणी करणे स्वस्त पडते, हा त्यांचा रोकडा हिशेब होता. तोच हिशेब घरोघरी लागू आहे. फरक एवढाच की, विमा कंपनीच्या वहीत जेथे रक्कम लिहिलेली असते, तेथे आपल्या वहीत माणसांची नावे असतात.

श्रोतेहो, हा लहानसा कागद कोणा कारकुनाच्या लहरीतून निघालेला नाही. बुडालेल्या कंपन्या, जळालेली गुदामे, गुदमरलेली माणसे आणि त्यांच्यामागून झालेल्या चौकश्या यांनी तो ओळीओळीने लिहिला आहे. त्याची एकेक अट म्हणजे कोठे तरी पूर्वी मोजली गेलेली किंमत आहे. ती किंमत दुसऱ्या कोणी आधीच मोजलेली असताना आपण पुन्हा मोजण्याचे कारण नाही. यापुढे आपल्या दारात विजेच्या कामासाठी कोणी उभा राहिला, तर भाव अवश्य विचारा, पण त्याआधी त्याला आदराने बसवा, पाणी द्या, आणि म्हणा, "आपला परवाना जरा दाखविता काय?" जो सच्चा कारागीर असेल त्याला या प्रश्नाचा राग येणार नाही. आपल्या कामाची पारख करणारे घर मिळाले, याचा त्याला आनंदच होईल.